बारा इंची बकेट आणि काळी माती

सोयाबीन निघाले, तूर-कपाशी उभी आहे, हरभरा पेरायचा आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात याच मधल्या फटीत जमिनी उकरल्या जातात. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन न्यायची असते, ठिबकची मुख्य नळी पुरायची असते, गावाच्या नळयोजनेची चारी राहिलेली असते, नाहीतर रस्त्याकडेने फायबरची केबल जायची असते. जेसीबी येतो. मागची रुंद बकेट काढून बारा इंची बकेट चढवली जाते, कारण नळी तीन-चार इंचांची आणि तिच्यासाठी तीन फूट रुंद खड्डा पाडणे म्हणजे डिझेलही वाया आणि शेतही वाया.

पहिले दहा-पंधरा फूट काम झकास चालते. मग बकेट भरून वर येते, बाजूला वळते, पूर्ण उघडते आणि माती पडतच नाही. बकेटच्या आकाराचा काळा गठ्ठा आत तसाच बसून राहतो. ऑपरेटर बकेट दोन-तीनदा आत-बाहेर हिसकतो, ढिगावर दात आपटतो. अर्धी माती पडते, अर्धी राहते. पुढच्या खेपेला त्या अर्ध्या मातीवर नवी माती दाबून बसते. तासाभरात बकेटमध्ये जेमतेम दोन घमेली मावतील एवढीच जागा उरते. मग मशीन थांबवून कुणीतरी फावडे नाहीतर पहार घेऊन आतली माती खरवडत बसतो. तासाचा मीटर चालूच असतो.

अशा वेळी दोष देण्याची ठरलेली ठिकाणे आहेत: ऑपरेटर नवखा आहे, मशीन जुने झाले, हायड्रॉलिकला जोर नाही. यातले काही कधीमधी खरे असेलही, पण मूळ दुखणे तिथे नाही. बकेट जमिनीत घुसवायला इंजिनाची ताकद लागते. उघड्या बकेटमधून माती बाहेर काढायला मात्र इंजिनाचा काहीच उपयोग होत नाही. तिथे मातीला खाली ओढणारी एकच गोष्ट असते, मातीचे स्वतःचे वजन. ते वजन पोलादाच्या पकडीपेक्षा जास्त भरले तर माती पडेल, कमी भरले तर लटकून राहील. रुंद बकेटमध्ये त्याच शेतातली तीच माती सहज पडते आणि अरुंद बकेटमध्ये अडकते, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे.

बकेटच्या बाजूचा एक पत्रा घेऊ. मागच्या बकेटच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ २,८०० चौरस सेंटिमीटर धरू. दोन बाजूंचे मिळून ५,६०० झाले. बकेट एक फुटाची असो की तीन फुटांची, बाजूचे पत्रे दोनच आणि तेवढेच. आता माती. तीन फुटी बकेट काठोकाठ भरली तर तीत साधारण पाव घनमीटर ओली माती बसते आणि तिचे वजन ४४० किलोच्या आसपास भरते. बारा इंची बकेटमध्ये त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे १४७ किलो. ओल्या मातीची पोलादावरची पकड चौरस सेंटिमीटरला फक्त ३० ग्रॅम आहे असे समजू. हा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे, चिकणमातीची पकड याहून बरीच जास्तही भरते. तरीसुद्धा दोन बाजूंचे पत्रे मिळून १६८ किलो वजन धरून ठेवू शकतात. रुंद बकेटमधल्या ४४० किलोंना हे १६८ किलो अडवू शकत नाहीत. अरुंद बकेटमधल्या १४७ किलोंना मात्र सहज अडवतात. तळ आणि पाठीच्या पत्र्याची पकड अजून यात धरलेलीच नाही. म्हणजे बकेट एक तृतीयांश केली तेव्हा मातीचे वजन एक तृतीयांश झाले, पण बाजूंची पकड तसूभरही कमी झाली नाही. पुढचे सगळे उपाय याच दोन आकड्यांशी झगडतात: पकड कमी करायची, नाहीतर वजनाच्या मदतीला दुसरे काहीतरी आणायचे.

याच्या जोडीला हवेचा दाब येतो. चिकणमातीचा गठ्ठा बकेटच्या तळाशी इतका घट्ट बसतो की त्याच्यामागे हवा शिरायला फट राहत नाही. गठ्ठा खाली सरकू लागला की मागे पोकळी तयार व्हायला हवी. हवा आत येत नसेल तर बाहेरची हवा गठ्ठ्याला उलट आत दाबते. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. तळाच्या १,२०० चौरस सेंटिमीटरवर त्याचा दहावा हिस्सा जरी लागला, तरी आणखी १२० किलोंची पकड झाली. म्हणून जाणते फॅब्रिकेटर अरुंद बकेटच्या पाठीत, तळाच्या वळणापाशी, दोन-तीन भोके किंवा एक लांबट खाच पाडतात. भोक योग्य जागी असेल आणि ते रोज मोकळे केले जात असेल तर त्याचा गुण येतो. कापणाऱ्या पात्याजवळ भोके पाडली तर मात्र बकेट तिथूनच तडकते.

आता मातीकडे वळू. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला. त्याची झीज होऊन जी काळी, भारी जमीन तयार झाली तिच्यात चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो, पुष्कळदा जास्तही. या चिकणमातीत मुख्यतः स्मेक्टाइट गटातली खनिजे असतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध माँटमोरिलोनाइट. १८४७ साली फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून त्याला हे नाव मिळाले. हे खनिज अतिशय पातळ पापुद्र्यांचे असते, एकेका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरते. एका ग्रॅम माँटमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सात-आठ गुंठे, आणि तेही चिमूटभर मातीत. कोकणातल्या जांभ्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट असते. त्याच्या ग्रॅमला दहा-वीस चौरस मीटरच मिळतात, कारण त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरत नाही. त्यामुळे रत्नागिरीकडच्या मातीत विनातक्रार चाललेली बकेट परभणीच्या मातीत अडून बसते.

काळी माती नेहमीच चिकटते असे नाही. कोरडी असताना ती पोलादाला चिकटत नाही. पातळ चिखल झाली तरी बकेटमधून घसरून जाते. चिकटते ती मधल्या ओलीत. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ साली चिकणमातीच्या ओलीच्या मर्यादा ठरवल्या. मातीचा चिखल होऊन ती वाहू लागते ती द्रवमर्यादा, आणि मळलेली माती वळताना तुटू लागते ती सुघट्यमर्यादा. या दोन आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज मोजल्या जातात. ॲटरबर्ग यांनी आणखी एक मर्यादा सांगितली होती: ज्या ओलीच्या खाली माती धातूच्या पात्याला चिकटायचे थांबते ती. बांधकामाच्या पुस्तकांतून ती जवळजवळ गळून गेली. बकेटवाल्याला खरी गरज तिचीच आहे.

मधल्या ओलीतच हे का घडते? कोरड्या मातीचे कण आपले पाणी घट्ट धरून असतात, पोलादावर पाण्याचा सलग पापुद्रा तयार होत नाही आणि ढेकूळ जेमतेम चार टोकांनी पत्र्याला टेकते. ओल वाढली की माती मऊ होऊन पत्र्याच्या प्रत्येक खाचखळग्यात बसते, मधला पाण्याचा पातळ पापुद्रा दोघांना जखडून धरतो. त्याहून पाणी वाढले की पापुद्रा जाड होतो आणि पकड सुटते. यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मातीची पत्र्यावरची पकड आणि मातीची स्वतःच्या कणांमधली पकड यांची इथे झुंज असते. मातीची आपसातली पकड जास्त असेल तर गठ्ठा पत्र्यापासून स्वच्छ सुटतो. पत्र्याची पकड जास्त झाली की गठ्ठा आतून फाटतो आणि पत्र्यावर एक अस्तर मागे राहते. त्या क्षणानंतर लढाई पोलादाशी उरत नाही. मातीला माती चिकटत जाते, आणि पत्रा कितीही गुळगुळीत असला तरी त्याचा उपयोग संपतो. म्हणून पहिले अस्तर बसू न देणे हेच खरे काम.

वालुकामय जमिनीत चिकटण्याचा टप्पा दोन-चार टक्के ओलीचा असतो. दोन दिवस ऊन पडले की ती जमीन त्यातून बाहेर पडते. काळ्या मातीची द्रवमर्यादा ५० टक्क्यांच्या वर, कित्येकदा ७०-८० पर्यंत जाते आणि सुघट्यमर्यादा असते २५-३५ च्या घरात. मधला पल्ला एवढा लांब की पावसाळा संपून आठवडे उलटले तरी जमीन त्याच टप्प्यात अडकलेली असते.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. वाफसा आल्याशिवाय तो औत जुंपत नाही. वाफशावरची माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरली की भुरभुर सुटते. ॲटरबर्ग यांच्या भाषेत ती सुघट्यमर्यादेच्या जरा खालीच असते. मात्र पाइपलाइनच्या कामात इथेच एक फसगत होते. वाफसा पाहिला जातो वरच्या वीतभर मातीचा, आणि चारी खोदायची असते तीन फूट. दिवाळीनंतर वर वाफसा असतो, दोन फुटांखाली माती अजून लोण्यासारखी असते. उन्हाळ्यातसुद्धा वरून भेगाळलेली, दगडासारखी कडक झालेली जमीन खोल गेल्यावर ओलीच निघते. एकाच खेपेत बकेटमध्ये वरची ढेकळे आणि खालचा चिकट थर एकत्र येतो. ओल तपासायची ती नळी जिथे बसणार त्या खोलीवरची.

तपासणी अगदी सोपी आहे. चारीच्या रेषेवर एका जागी पूर्ण खोलीचा छोटा खड्डा करावा. तळाची मूठभर माती घेऊन तळहातावर तिची वात वळावी. वात ३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण काडेपेटीच्या काडीहून जराशी जाड होईपर्यंत न तुटता वळली गेली, तर माती सुघट्यमर्यादेच्या वर आहे आणि अरुंद बकेटला त्रास देणार. त्याआधीच तिचे तुकडे पडू लागले तर काम सुरळीत जाईल. प्रयोगशाळेत सुघट्यमर्यादा काढतात ती याच पद्धतीने, फक्त काचेच्या तावदानावर आणि वजनकाट्यासह.

एका पट्ट्याबद्दल वेगळे सांगायला हवे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारे पूर्णा नदीचे खोरे, आपला खारपाण पट्टा. इथल्या काळ्या मातीत खोलवर सोडियमचे प्रमाण वाढलेले आहे. कॅल्शियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यांचे दाणे करते. सोडियम ते दाणे फोडतो, कण सुटे होतात, पाण्यात पसरतात. जमीन पाणी मुरू देत नाही, ओली झाली की चोपणासारखी चिकटते आणि सुकली की फरशी होते. इथले भूजल खारे, त्यामुळे पिण्याचे पाणी दुरून नळाने आणावे लागते. म्हणजे ज्या मातीत चारी खोदणे सर्वांत अवघड, नेमके तिथेच सर्वांत लांब चाऱ्या खोदाव्या लागतात. नळयोजनेच्या कामाचे वेळापत्रक मुंबईत किंवा दिल्लीत ठरवताना ही गोष्ट कुणाच्या समोर असते का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

चिकट माती आणि लोखंड यांचे भांडण जेसीबीच्या कितीतरी आधीचे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पूर्वेकडून आलेले शेतकरी आपले ओतीव लोखंडाचे नांगर घेऊन आले. पूर्वेच्या रेताड जमिनीत चाललेले ते नांगर प्रेअरीच्या काळ्या मातीत चालेनात. थोड्या थोड्या अंतरावर थांबून फाळावरची माती खरवडावी लागे. १८३७ साली ग्रँड डिटूर या गावातल्या जॉन डीअर नावाच्या लोहाराने मोडक्या करवतीचे चकचकीत पोलाद घेऊन फाळ केला. वळण असे दिले की माती घसरताना पत्रा आपोआप घासून स्वच्छ होत राहील. आज हिरव्या ट्रॅक्टरवर दिसणारे नाव त्याचेच. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीशीही त्यांना झगडावे लागले. पण काळ्या मातीच्या शेतकऱ्याचे स्वतःचे उत्तर त्याहून जुने आहे: वखर. वखराची पास पातळ, आडवी, गुळगुळीत. ती माती उचलतच नाही, खालून कापत सरकते. माती आणि लोखंड यांची भेट जितकी थोडी आणि जितकी घासून होईल तितके चांगले, हे ज्ञान त्या अवजाराच्या घडणीतच आहे.

मागे खोदणारा हात आणि पुढे भरणारी बकेट असे एकत्र यंत्र जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये १९५३ साली काढले. भारतात ही कंपनी १९७९ पासून आहे आणि पुण्याजवळ तळेगावला तिचा कारखाना आहे. खेड्यात कुठल्याही कंपनीच्या अशा यंत्राला जेसीबीच म्हणतात. यंत्र कंपनीचे असले तरी अरुंद बकेट बऱ्याचदा तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतली जाते. कटकटीची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते, कारण घडवायला सर्वांत सोपी बकेट म्हणजे दोन समांतर पत्रे आणि मधे वाकवलेली पट्टी. काळ्या मातीसाठी याहून वाईट आकार नाही.

कुल्फीचा साचा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता असतो. कुल्फी बोटभर सरकली की साच्याच्या भिंतींपासून सगळीकडून सुटते. तोच साचा सरळ नळकांड्यासारखा असता तर ती शेवटच्या टोकापर्यंत घासत आली असती. बकेटचेही अगदी तसेच. तोंडाशी ३०० मिलिमीटर असेल तर पाठीशी ती २५०-२६० मिलिमीटरवर आलेली हवी. मग गठ्ठा जरासा हलला की बाजूंच्या पत्र्यांची सगळी पकड एकदम संपते. समांतर पत्र्यांत तो जितका खाली येईल तितके अंतर त्याला घासतच यावे लागते. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका बाकीच्या अनेक महागड्या उपायांनी मिळून पडत नाही, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा कोपऱ्यांचा. बाजूचा पत्रा आणि तळ जिथे काटकोनात मिळतात तिथे माती पहिल्यांदा घर करते आणि पहिले अस्तर तिथूनच पसरते. कोपऱ्यात वेल्डिंग भरून, घासून गोलाई द्यावी. आतल्या बाजूला वेल्डिंगचे उंचवटे, नट-बोल्टची डोकी, दुरुस्तीचे ठिगळ काहीही राहू नये. तिसरा मुद्दा बाजूच्या कटरचा. पात्याच्या दोन्ही टोकांना बकेटच्या अंगापेक्षा इंचभर बाहेर आलेले कटर असले की चारी बकेटहून थोडी रुंद पडते आणि बकेट चारीच्या भिंतींमध्ये फसत नाही. बाहेरून फसलेली बकेट ऑपरेटर जोराने ओढतो, आणि त्या ओढण्यात आतली माती आणखी दाबली जाते. बोथट दातांनीही हेच होते: धारदार दात माती कापतो, बोथट दात ती मळतो. आणि मळलेली चिकणमाती अधिक चिकटते.

आकाराने भागत नसेल तिथे वजनाच्या मदतीला माती ढकलणाऱ्या पत्र्याची बकेट असते. तिच्या आत पाठीला लागून एक वेगळा पत्रा असतो आणि तो एका दांडीने खोदणाऱ्या हाताला जोडलेला असतो. बकेट उघडताना ती फिरते, पण आतला पत्रा दांडीमुळे जागीच राहतो, त्यामुळे तो बकेटचा तळ खरवडत माती बाहेर सारतो. वेगळे इंजिन नको, वेगळा हायड्रॉलिक सिलिंडर नको. अट एकच: बकेटचा तळ तिच्या फिरण्याच्या पिनेभोवती काढलेल्या वर्तुळाचा तुकडा असायला हवा. वळण वेगळे झाले तर पत्रा एका जागी अडकेल आणि दुसरीकडे फट सोडेल. ब्रिटनमधल्या चिकणमातीत शेतातले निचऱ्याचे चर खोदायला अशा बकेटी वापरल्या गेल्या आहेत. त्यांची गैरसोयही सांगायला हवी: बकेटचे वजन वाढते, आत माती कमी मावते, दगडगोटे आणि मुळ्या पत्र्यामागे अडकतात, पिनांना नियमित ग्रीस लागते. मुरमाड जमिनीत ही बकेट वापरू नये. पण आठ-दहा फूट काळी माती असलेल्या गावात एखाद्याने अशी बकेट करून घेतली तर तिचा खर्च निघायला वेळ लागणार नाही.

पत्र्याला आतून प्लास्टिकचे अस्तर लावण्याची पद्धत डंपरच्या हौद्यांत रुळलेली आहे. अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिएथिलीन वापरतात. पाणी त्याला नीट भिजवत नाही, म्हणून मातीची पकड कमी बसते. अरुंद बकेटमध्ये ते टिकवणे कठीण जाते. बोल्टची डोकी खोल बसवावी लागतात, कडेने माती शिरली की अस्तर उचलले जाते आणि एखादा मुरमाचा थर लागला की ते ओरबाडले जाते. चीनच्या जिलिन विद्यापीठात रेन लुच्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. शेणात आणि चिखलात जन्म काढणाऱ्या शेणकिड्याच्या अंगाला माती का चिकटत नाही, हे त्यांनी पाहिले. त्याचे कवच गुळगुळीत नसते, त्यावर बारीक उंचवटे असतात. उंचवट्यांमुळे मातीचा स्पर्श तुटक होतो, पाण्याचा सलग पापुद्रा बसत नाही आणि मधल्या फटींत हवा राहते. बुलडोझरच्या पात्यावर तसे उंचवटे बसवून त्यांनी मातीची पकड कमी करून दाखवली. विजेचाही प्रयोग झाला आहे. ओल्या चिकणमातीतून वीज सोडली की पाणी ऋण टोकाकडे सरकते, हे मॉस्कोत रॉइस यांनी १८०९ मध्येच पाहिले होते. पात्याला ऋण टोक केले की त्याच्या अंगावर पाण्याचा थर येतो आणि माती घसरते. हे अजून रोजच्या चारीच्या कामात उतरलेले नाही. शेणकिड्याचा धडा मात्र आपल्या कृषी विद्यापीठांच्या अवजार विभागांनी काळ्या मातीवर तपासून पाहावा असा आहे.

सध्या शिवारात दिसणारा उपाय म्हणजे पाणी. शेजारी पाण्याचा ड्रम ठेवायचा आणि बकेट मधूनमधून बुडवायची. हे चालते, कारण पत्र्यावर पाण्याचा जाड थर राहतो. पण काळी माती ते पाणी लगेच पिते, म्हणून एकदाच भरपूर पाणी मारण्यापेक्षा दर दोन-तीन खेपांना थोडे थोडे मारावे. चारीत पाणी ओतू नये, त्याने खालची माती आणखी चिकट होईल. वीट पाडणारे साच्याला पाणी लावतात नाहीतर कोरडी वाळू शिंपडतात. बकेटमध्येही मूठभर कोरडी वाळू किंवा राख आतून टाकली तर पहिले अस्तर बसायला उशीर होतो. काही जण जळके ऑइल फासतात. ते करू नये. दहा-बारा खेपांत ते पुसून जाते आणि जाते ते शेताच्या मातीत. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि ते कायद्यात नसते तरी पिण्याच्या पाण्याच्या नळीशेजारी त्याला जागा नाही.

ऑपरेटरच्या हाताचा गुण शेवटी येतो, पण येतो. बकेट काठोकाठ दाबून भरण्याऐवजी पातळ काप घेत अर्धी-पाऊण भरावी. माती सैल राहते, मागे हवा शिरायला जागा राहते. बकेट जमिनीत असतानाच पूर्ण वळवली तर माती आत कोंबली जाते, म्हणून वळण थोडे उशिरा द्यावे. हिसके देण्याची सवय पिना आणि बुशिंग खाते. संध्याकाळी काम थांबवताना बकेट खरवडून, धुऊन ठेवावी. रात्रभर ओली माती राहिली तर पत्र्यावर गंज धरतो, आणि गंजलेल्या खडबडीत पत्र्याला सकाळची पहिलीच माती घट्ट धरते. रोज घासून पांढरा झालेला पत्रा सर्वांत कमी त्रास देतो.

अर्धी बकेट भरायची तर काम मंद होईल, असा आक्षेप येतो. हिशेब करू. एक खेप २४ सेकंदांची धरली तर तासाला १५० खेपा होतात. हिसके देण्यात १२ सेकंद जास्त गेले तर खेपा १०० वर येतात. त्यातही प्रत्येक खेपेला एक तृतीयांश माती आतच राहिली तर प्रत्यक्ष बाहेर पडलेली माती सुमारे ६७ भरलेल्या बकेटींची. पाऊणच भरलेल्या पण स्वच्छ रिकाम्या होणाऱ्या १५० खेपांची माती ११२ बकेटींएवढी होते. खरवडण्यासाठी थांबलेला वेळ यात मोजलेलाच नाही.

खरवडण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. बकेट हवेत लटकत असताना तिच्याखाली किंवा तिच्या तोंडाशी कुणीही जाऊ नये. बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, मगच फावडे हाती घ्यावे. आणि माती खरवडायला किंवा नळी जोडायला चारीत उतरणाऱ्याने भिंतीकडे पाहावे. काळ्या मातीची चारी उभी कापलेली राहते, मजबूत दिसते, पण तिच्यातल्या जुन्या भेगांवरून अख्खी फळी एकदम सुटते. दीड मीटरपेक्षा खोल चारीला आधार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक सांगते. अरुंद चारीत माणसाला वळायलाही जागा नसते.

आता मुद्दा कागदाचा. सरकारी अंदाजपत्रकात चारीच्या खोदाईची वर्गवारी कठीणपणावर होते. सगळ्या प्रकारची माती, वाळू आणि मऊ मुरूम एका कलमात, मग कठीण मुरूम, मग खडक. खडकाला जास्त दर मिळतो, चिकट मातीला मिळत नाही. नोव्हेंबरातली ओली काळी माती आणि नदीकाठची पोयटा माती एकाच भावाने खोदायची. परिणाम ठरलेला आहे: ठेकेदार वेळ वाचवण्यासाठी रुंद बकेट लावतो, नाहीतर चारी उथळ ठेवतो. रुंद चारीत भरावाची माती जास्त, ती फुगते-आकसते, नळीचे सांधे हलतात. उथळ चारीतली नळी पुढच्या नांगरटीत फुटते. गावाचे पाणी बंद पडते तेव्हा त्याचे मूळ अडकलेल्या बकेटपर्यंत कुणी शोधत जात नाही. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. तेव्हापासून ज्यांनी काळ्या मातीत किलोमीटरच्या किलोमीटर नळ्या पुरल्या, त्या अभियंत्यांनी हा अनुभव दरसूचीच्या समितीपुढे मांडायला हवा. चिकट काळ्या मातीसाठी वेगळे कलम आणि निविदेत निमुळत्या बकेटची अट, एवढी मागणी अवास्तव नाही.

ज्यांना येत्या महिन्याभरात पाइपलाइन टाकायची आहे त्यांनी समितीची वाट पाहू नये. तळाच्या मातीची वात वळून पाहा. ती न तुटता वळली आणि काम पंधरा दिवस थांबण्यासारखे असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर जेसीबी ठरवण्याआधी टेप घेऊन बकेटचे तोंड मोजा आणि पाठ मोजा. दोन्ही मापे सारखी आली तर दुसरी बकेट असलेला मालक शोधा, त्याचा तासाचा दर थोडा जास्त असला तरी.